दिवा बदलला, पतंग गेले कोठे?

गेल्या दोन पावसाळ्यांत आमच्या शाळेत एक चूक घडली आणि ती माझ्याच हातून घडली. तिची हकीकत सांगून मग माझे मत मांडणार आहे. शिक्षक बंधुभगिनींनाही ते वाचावेसे वाटेल, कारण अशी चूक उद्या त्यांच्याही शाळेत होण्याचा पुष्कळ संभव आहे.

शाळेच्या मागील व्हरांड्यात आम्ही एक कीटक-सापळा करून ठेवला होता. सापळा म्हणजे फार काही नव्हे. दोन खिळ्यांना ताणून बांधलेले पांढरे धोतर, त्याच्या पुढे दीड फुटी, १५ वॅटची निळसर नळी आणि खाली वर्तमानपत्रे. पावसाळ्यात ठरलेल्या दिवशी संध्याकाळी दोन तास दिवा लावावयाचा, धोतरावर येऊन बसणारे पतंग, भुंगेरे, तुडतुडे, नाकतोडे मोजावयाचे, वहीत लिहावयाचे आणि दिवा मालवून सर्वांना जाऊ द्यावयाचे. मुलांच्या कितीतरी तुकड्या आल्या आणि गेल्या, वही मात्र चालू राहिली. मला त्या वहीचा थोडासा अभिमानही होता, हे कबूल करतो.

एका जून महिन्यात ती नळी गेली. बाजारात तशी नळी मिळेना. गावातल्या वायरमनने, आपल्याला मदत व्हावी याच हेतूने, जुना चोक काढून टाकला, स्टार्टर काढला आणि एल.ई.डी.ची पांढरी नळी बसवून दिली. "सर, उजेड दुप्पट आणि वीज निम्मी," असे म्हणून तो गेला. त्याचे म्हणणे खरेच होते. त्या रात्री धोतर असे झळकले की त्यावर पुस्तक वाचता यावे. पण पाहुणे? चार-दोन चिलटे, एखादा भुंगेरा, बस्स. दुसऱ्या आठवड्यात तेच, तिसऱ्या आठवड्यात तेच.

मुलांनी वही उघडली, मागील वर्षांचे आकडे काढले, आलेख काढला. आलेखाची रेघ कड्यावरून कोसळावी तशी खाली आली होती. विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता तयार झाला: "आमच्या गावातील कीटक घटले." खाली कारणे दिली होती: कीटकनाशकांचा वापर, वृक्षतोड, हवामानातील बदल. सगळी कारणे शहाण्यासारखी होती. मी तक्त्यावर सही केली.

तक्ता भिंतीवर लागण्याच्या आदल्या दिवशी नववीतील एक मुलगी म्हणाली, "सर, गिरणीच्या दारातल्या ट्यूबवर तर नेहमीसारखेच किडे येतात. ते कसे संपले नाहीत?"

आम्ही सर्वजण गिरणीपर्यंत गेलो. तिचे बरोबर होते. गिरणीतली जुनी चार फुटी नळी पिठाने माखलेली, मिणमिणती, आणि तरीही तिच्याभोवती ही गर्दी! घटले होते ते कीटक नव्हते. आम्ही आमची फूटपट्टी बदलली होती आणि वस्तू आखूड झाली असे म्हणत होतो.

आता यातले विज्ञान पाहू.

नळीच्या दिव्यात आरगॉन वायू आणि पाऱ्याची किंचित वाफ असते. वीज वाहू लागली की इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूंवर आदळतात आणि त्या अणूंमधून प्रामुख्याने २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण बाहेर पडतात. (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) हे किरण जंबुपार, म्हणजेच अतिनील. ते आपल्याला दिसत नाहीत. नळीच्या आतल्या बाजूस जो पांढरा लेप असतो तो हे किरण शोषून त्यांच्या मोबदल्यात जास्त तरंगलांबीचा प्रकाश देतो. लेप कोणता, यावर प्रकाश कोणता हे ठरते. घरच्या नळीचा लेप पांढरा उजेड देतो. कीटकांसाठीच्या नळीचा लेप मुद्दाम असा निवडतात की बाहेर पडणारा प्रकाश ३५० ते ३७० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे जंबुपारच, राहावा. आपल्याला तिचा जो फिकट निळा उजेड दिसतो तो केवळ तिची गळती आहे. तिचे खरे काम आपल्या डोळ्यांआड चालते.

मौज अशी की घरच्या साध्या नळीतूनही थोडी गळती उलट दिशेने होते. पाऱ्याच्या वर्णपटात ३६५ नॅनोमीटरची एक रेषा आहे, आणि तिचा थोडा अंश लेप व काच ओलांडून बाहेर येतो. गिरणीच्या नळीभोवतीच्या गर्दीचे एक कारण हे असावे.

एल.ई.डी.चा प्रकार निराळा. तेथे वाफ नाही, पारा नाही. दोन प्रकारच्या अर्धसंवाहकांच्या सांध्यावर इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली उतरतो आणि त्या फरकाची ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. हा फरक इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये असेल तर १२४० ला त्याने भागावे, तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. गॅलियम नायट्राइड या पदार्थात हा फरक सुमारे ३.४ आहे. भागून पाहा: जवळजवळ ३६५ येते! त्यात इंडियम मिसळले की फरक कमी होतो आणि निळा प्रकाश मिळतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये याच मार्गाने तेजस्वी निळा दिवा तयार झाला आणि त्यासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज घरोघरी असलेला पांढरा एल.ई.डी. म्हणजे बहुधा सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा दिवा आणि त्यावर पिवळा लेप. निळा आणि पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरे वाटते. पण ४०० च्या खाली त्याच्याजवळ जवळजवळ काहीच नसते. आमच्या लखलखत्या धोतरावर जंबुपार प्रकाशाचा खडखडाट होता, असेच म्हणा ना.

पण कीटकांना जंबुपार प्रकाश दिसतो हे कळले कसे? ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. इंग्लंडमध्ये सर जॉन लबक नावाचे गृहस्थ होते. व्यवसायाने पेढीवाले, पार्लमेंटचे सभासद, चार्ल्स डार्विनचे शेजारी आणि छंद मुंग्यांचा! मुंग्यांच्या वारुळावर उजेड पडला की त्या आपले कोश उचलून अंधारात नेतात, हे तुम्हीही पाहिले असेल. लबक यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि तो कोशांवर सोडला. मुंग्यांनी जांभळ्या पट्ट्यातले कोश तर हलवलेच, पण जांभळ्याच्या पलीकडे, जेथे आपल्या डोळ्यांना नुसता अंधार दिसतो, तेथलेही कोश तातडीने उचलले आणि तांबड्या पट्ट्यात नेऊन ठेवले. तांबडा त्यांना अंधारासारखा, आणि आपला अंधार त्यांना उजेड! १८८२ साली लबक यांनी मुंग्या, मधमाश्या व गांधीलमाश्या यांच्यावरील आपल्या पुस्तकात हे प्रयोग दिले आहेत. त्यांच्याजवळ नाव घेण्याजोगे कोणतेही यंत्र नव्हते. लोलक होता, मुंग्या होत्या आणि चिकाटी होती.

पुढे मधमाशीच्या डोळ्यांतील पेशींची मोजमापे झाली. तिच्याजवळ तीन प्रकारच्या ग्राहक पेशी आहेत. त्या साधारणपणे ३४५, ४३५ आणि ५४५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. पुष्कळ पतंगांमध्येही जंबुपार, निळा, हिरवा अशीच त्रयी आढळते.

येथेच माझा पहिला आक्षेप येतो, आणि तो दिव्यांच्या खोक्यांवर आहे. खोक्यावर लिहिलेले असते: इतके वॅट, इतके ल्यूमेन. ल्यूमेन हे माप माणसाच्या डोळ्यावरून बेतलेले आहे. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा प्रकाश सर्वांत प्रखर वाटतो, म्हणून त्याला जास्त गुण. जांभळ्याला अगदी कमी, आणि जंबुपारला शून्य. म्हणजे केवळ ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश देणारा उत्तम दिवा घेतला, तर तो पतंगाला कितीही झगझगीत दिसो, ल्यूमेनच्या हिशेबात तो नापास! आमच्या वायरमनने "उजेड दुप्पट" म्हटले ते माणसाच्या वतीने. पतंगाला कोणी विचारलेच नव्हते.

यावर कोणी म्हणेल, "म्हणजे एल.ई.डी.कडे कीटक येतच नाहीत, असेच ना?" नाही, इतकी घाई करू नका. २०१४ साली न्यूझीलंडमधील दोन संशोधकांनी रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे आणि पांढरे एल.ई.डी. यांची तुलना प्रसिद्ध केली. तेथे पांढऱ्या एल.ई.डी.कडे सोडियम दिव्यापेक्षा ४८ टक्के अधिक कीटक आले. कारण त्यात निळ्याचा भाग भरपूर असतो आणि सोडियम दिव्यात तो फार थोडा. एकच एल.ई.डी. सोडियमच्या शेजारी उभा केला तर आकर्षक ठरतो आणि जंबुपार नळीच्या शेजारी उभा केला तर फिका पडतो. कशाच्या तुलनेत, हे विचारल्याशिवाय "येतात" किंवा "येत नाहीत" या शब्दांना अर्थच नाही.

मग करावे काय? जुन्या नळीला कवटाळून बसावे का? माझे मत असे आहे की मुळीच नाही. नळी जाणार आहे आणि ती गेलेली बरी. तिच्यातील पारा मोजून पाहिला तर थोडा, आधुनिक नळीत काही मिलिग्रॅम, जुन्या जाड नळ्यांत त्याहून बराच अधिक. पण अशा नळ्या देशोदेशी कोट्यवधींनी फुटतात. पारा पाण्यात गेला की काय होते हे जपानमधील मिनामाताच्या कोळ्यांनी भोगले. १९५६ साली तो रोग अधिकृतपणे नोंदला गेला. त्याच गावाचे नाव घेतलेला आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून अमलात आहे आणि भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. सर्वसाधारण उजेडासाठीच्या नळ्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ च्या अखेरपर्यंत थांबवावी, असे करारातील राष्ट्रांनी २०२३ साली जिनीव्हा येथे ठरविले. कीटकांसाठीच्या खास नळ्या या यादीत थेट येत नाहीत. पण घरच्या नळ्याच गेल्या की चोक, स्टार्टर, होल्डर हे सामान तालुक्याच्या दुकानात किती दिवस राहील? शिवाय जंबुपार नळीचा लेप वापराने मंदावतो. हॉटेलांतील माश्या मारण्याच्या यंत्रांची नळी साधारण वर्षाने बदलावी, असे म्हणूनच सांगतात. निळा उजेड दिसत राहतो, आपल्याला वाटते दिवा ठीक आहे, आणि जंबुपार भाग मात्र ओसरलेला असतो. आमच्या वहीतील जुने आकडेदेखील या कारणाने कितपत सरळ आहेत, अशी शंका मला आता येऊ लागली आहे! नवी नळी कोणत्या वर्षी घातली, याची नोंद आम्ही ठेवलीच नव्हती.

तेव्हा एल.ई.डी. घ्यावाच, पण जंबुपार घ्यावा. येथे काही खाचखळगे आहेत.

पहिली गोष्ट, विक्रेत्याला वॅट विचारू नका, नॅनोमीटर विचारा. 'यू.व्ही.' म्हणून स्वस्तात मिळणारे पुष्कळ एल.ई.डी. ३९५ ते ४०५ नॅनोमीटरचे असतात. त्यांचा प्रकाश डोळ्यांना चांगला गडद जांभळा दिसतो, आणि हीच त्यांची खूण. ३६५ चा दिवा उलट अगदी मळकट, पांढुरका दिसतो, जणू बिघडलाच आहे. साबणाने धुतलेला शर्ट चमकतो की नाही यावरून परीक्षा करू नका. शर्टात राहिलेले साबणातले उजळक द्रव्य दोन्हींखाली चमकते.

दुसरी गोष्ट दिशेची. नळी सर्व बाजूंना प्रकाश टाकते, एल.ई.डी. एकाच बाजूला. जुन्या चौकटीत एल.ई.डी.ची पट्टी आडवी बसवली तर निम्मे आकाश अंधारात राहते. तीन पट्ट्या त्रिकोणी नळकांड्यावर उभ्या लावल्या म्हणजे काम होते. नळकांडे ॲल्युमिनियमचे असावे, कारण एल.ई.डी.ची उष्णता मागच्या बाजूने बाहेर जावी लागते. पुढे पावसासाठी झाकण लावावयाचे तर पॉलिकार्बोनेटचे लावू नका. ते स्वच्छ पारदर्शक दिसते, पण जंबुपार प्रकाश बव्हंशी अडवते. खिडकीची साधी काच बरी. आणि नेमक्या याच कारणासाठी डोळ्यांवर मात्र पॉलिकार्बोनेटचा चष्मा चढवावा. ३६५ चा प्रखर दिवा मळकट दिसतो म्हणून बुबुळ आकसत नाही आणि आपण निर्धास्तपणे टक लावून पाहतो. तसे करू नये.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी, आणि तिच्याबाबत मी फार आग्रही आहे. २०२० च्या साथीनंतर जंतुनाशक नळ्या पुष्कळ ठिकाणी आल्या. त्यांची लांबी व टोकाच्या पिना कीटक-सापळ्यातील नळीसारख्याच असू शकतात, म्हणजे त्या त्याच होल्डरात सहज बसतात. त्यांना लेप नसतो, काच आरपार दिसते, आणि २५४ नॅनोमीटरचे किरण थेट बाहेर येतात. ते डोळे आणि त्वचा भाजतात. आरपार दिसणारी नळी मुलांसमोर कधीही लावू नये.

एल.ई.डी. नीट निवडला तर तो जुन्या नळीहून सरस ठरू शकतो, याचे उदाहरण देतो. जर्मनीतील येना विद्यापीठाचे गुन्नार ब्रेम यांनी २०१७ साली पतंग गोळा करण्यासाठी आठ एल.ई.डी.चा एक दिवा प्रसिद्ध केला. चार जंबुपार, दोन निळे, एक हिरवा, एक पांढरा. जंबुपार ३६८ नॅनोमीटरचे, निळे ४५० चे, हिरवा ५३० चा. वर सांगितलेल्या मधमाशीच्या तीन पेशी आठवा आणि ही निवड ताडून पाहा. हा दिवा मोबाईल भरण्याच्या खिशातल्या बॅटरीवर चालतो. पूर्वी अशा कामासाठी जंगलात १२५ वॅटचे पाऱ्याचे दिवे नेत आणि त्यांच्यासाठी जनित्र वाहून न्यावे लागे. ज्याने घाटात ओझे वाहिले आहे त्याला याचे मोल कळेल.

पण दिवा कितीही चांगला निवडा, माझा मूळ मुद्दा उरतोच. नवा दिवा म्हणजे नवे मोजमाप. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे सी. बी. विल्यम्स यांनी १९३३ साली प्रकाश-सापळ्याने रोज रात्रीचे पतंग मोजण्यास आरंभ केला. १९६० च्या दशकापासून तशाच सापळ्यांचे जाळे ब्रिटनभर पसरले. त्यांत २०० वॅटचा साधा, तारेचा बल्ब वापरतात. उत्तम दिवे निघाले, पाऱ्याचे आले, नळ्या आल्या. अधिक पतंग मिळाले असते, तरी त्यांनी बल्ब बदलला नाही. युरोपात २००९ पासून साधे बल्ब टप्प्याटप्प्याने बाजारातून जाऊ लागले तेव्हा अशा लोकांवर काय प्रसंग आला असेल, याची कल्पना करा. त्या हट्टाचे फळ असे की १९६८ ते २०१७ या काळात ब्रिटनमधील मोठ्या पतंगांची संख्या ३३ टक्क्यांनी घटली, हे आज ठामपणे सांगता येते. मधेच कोणी "उजेड दुप्पट, वीज निम्मी" म्हणून दिवा बदलला असता आणि कोठे नोंदही केली नसती, तर हा आकडा आमच्या तक्त्याइतकाच फुकट गेला असता.

म्हणून माझी सूचना अशी आहे. ज्या शाळेत किंवा कृषिशाळेत असा जुना सापळा आहे, तेथे जुनी नळी जिवंत आहे तोवरच नवा दिवा आणावा आणि निदान एक पावसाळा दोन्ही चालवावेत. एकमेकांना दिसणार नाहीत इतक्या अंतरावर दोन जागा निवडाव्यात आणि रात्रीआड दिव्यांची अदलाबदल करावी. नाहीतर एका जागी शेजारी कडुनिंब आहे आणि दुसऱ्या जागी नाही, याचे श्रेय किंवा दोष दिव्याला मिळेल. वेळ तीच, तास तेवढेच. चंद्राची तिथी लिहावी, कारण पौर्णिमेच्या आसपास सापळ्यात सामान्यतः कमी कीटक येतात. पाऊस, वारा लिहावा. आणि नुसती बेरीज करू नये. पतंग वेगळे, भुंगेरे वेगळे, तुडतुडे वेगळे, पंख फुटलेली वाळवी वेगळी मोजावी. कारण नव्या दिव्याकडे पतंग तेवढेच आले पण भुंगेरे कमी आले, असे सहज घडू शकते. एकाच गुणकाने सगळी जुनी वही नव्यात बदलता येईल, अशी आशा बाळगू नये.

शेतकऱ्यांच्या मुलांना हे अधिक जवळचे वाटेल. पहिला चांगला पाऊस झाला की तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब-बाभळीवर जमतात. त्या वेळी प्रकाश-सापळ्याखाली रॉकेलमिश्रित पाण्याची पाटी ठेवून ते पकडतात. आता सौर बॅटरीवरचे एल.ई.डी. सापळे विकत मिळतात. त्यांत पांढरा दिवा आहे की जंबुपार, हे कितीजण पाहून घेतात? सापळ्यात भुंगेरे पडले नाहीत म्हणून यंदा हुमणी नाही, असे समजून कोणी निश्चिंत राहिला तर त्याची किंमत उसाच्या मुळांनी मोजावी लागेल. आमची चूक एका तक्त्यापुरती होती.

येथे थोडे विषयांतर. कीटक दिव्याकडे येतात तरी का? आपण लहानपणापासून ऐकत आलो की पतंग चंद्राच्या रोखाने सरळ उडतो आणि दिव्याला चंद्र समजून फसतो. २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने याला चांगलाच धक्का दिला आहे. लंडनच्या प्रयोगशाळेत आणि कोस्टारिकाच्या जंगलात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी उडणाऱ्या कीटकांचे चित्रण केले. दिसले ते असे: कीटक दिव्याकडे झेपावत नाहीत, ते दिव्याकडे पाठ करतात. कोट्यवधी वर्षे रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळच होते. जिकडे उजेड तिकडे पाठ केली की आपण सुलटे आहोत, ही त्यांची खूणगाठ. बाजूला दिवा आला की ते तिकडे पाठ करण्यासाठी कलतात आणि गोल गोल फिरत राहतात; खाली दिवा आला तर उलटे होऊन आपटतात. म्हणजे 'आकर्षण' हा आपला शब्दच चुकीचा ठरतो. कीटक मोहात पडत नाही, त्याची वर-खाली ही जाणीव बिघडते. गंमत म्हणजे काही कीटक याला अपवाद निघाले, त्यांत आपल्याकडे कण्हेरीवर ज्याची अळी वाढते तो हिरवा हॉक मॉथही आहे. तो दिव्यावरून सरळ उडून गेला. का, याचे उत्तर तुमच्यापैकी कोणी शोधावे.

हे कळल्यापासून निळ्या दिव्याच्या विजेच्या जाळ्या, ज्यांवर किडे तडतडत जळतात, त्या मला मुळीच पाहवत नाहीत. डासांसाठी म्हणून लोक त्या अंगणात टांगतात. अमेरिकेतील डेलावेअर राज्यात दोन संशोधकांनी अशा जाळ्यांत मेलेले कीटक मोजले आणि १९९६ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. १३,७८९ कीटक मेले होते, त्यांत चावणारे अवघे ३१! कारण चावणारी डासाची मादी प्रामुख्याने आपला श्वास, ऊब आणि वास यांच्या मागावर असते. मेले ते बिचारे पाण्याकाठचे निरुपद्रवी किडे, भुंगेरे, आणि पिकांवरील किडींना खाणारे आपले मित्र. या जाळ्यांत आता एल.ई.डी. बसवून त्या 'वीज वाचवणाऱ्या' म्हणून विकतात. वीज वाचेल, पण स्वस्त झाल्या म्हणून रात्रभर चालू राहतील. एखादी गोष्ट स्वस्तात करता येते एवढ्यासाठी ती जास्त करावी, हे मला पटत नाही. शेतातला सापळादेखील भुंगेरे निघण्याच्या दिवसांत, संध्याकाळचे काही तास लावून मग मालवावा. शाळेत तर मारण्याची गरजच नाही. पांढरे कापड पुरते.

असो. आमच्या वहीचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. तक्ता काढून घेतला. वहीत ज्या दिवशी नळी बदलली त्या पानावर लाल शाईने आडवी रेघ मारली आणि कारण लिहिले. एका माजी विद्यार्थ्याने मुंबईहून जुन्या धर्तीच्या दोन नळ्या शोधून आणल्या आहेत. त्यांतील एक राखून ठेवली आहे. ३६५ च्या एल.ई.डी.च्या तीन पट्ट्या ॲल्युमिनियमच्या पन्हळीवर मुलांनी स्वतः बसविल्या. एक धोतर व्हरांड्यात, दुसरे मैदानाच्या टोकाला विहिरीपलीकडे. पावसाला सुरुवात झाली आहे. विहिरीकडच्या तुकडीची तक्रार आहे की त्यांच्या जागी बेडूक फार आहेत आणि ते मोजण्याआधीच किडे खाऊन टाकतात. तेही वहीत लिहा, असे मी त्यांना सांगितले आहे.